भावाची दाढी

आई डहाणूच्या दवाखान्यात आयसीयूत होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर तलासरीचा एक न्हावी शेजारी असायचा. त्याचा मोठा भाऊ आत व्हेंटिलेटरवर, आणि याला घोर भावाच्या वाढलेल्या दाढीचा. रोज भेटीच्या वेळी हा खिशात वस्तरा लपवून निघायचा आणि रोज सिस्टर दारातच तो काढून घ्यायची.

"काका, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे. जरा कापलं तरी थांबायचं नाही."

"माझ्या हातून कापेल?" बाहेर येऊन तो माझ्यावरच फणफणायचा. "तलासरीत विचारा कोणालाही!"

हात शिवशिवायला लागले की बाकावरच्या नातेवाइकांना धरून तो त्यांच्या दाढ्या करायचा. एकदा मला धरलं. मी नको म्हणत होतो, पण ऐकतो कोण! नवं पातं लावून, भावाच्या तक्रारी सांगत त्याने वस्तरा फिरवला आणि हनुवटीला कापलंच. मला काही वाटलं नाही. तोच पांढराफटक पडला. तुरटी दाबून धरली ती सोडेचना.

"अहो, थांबलं रक्त," मी वैतागून म्हणालो.

"तुमचं थांबलं, शेठ."

दुसऱ्या दिवशी त्याने वस्तरा आपणहून सिस्टरच्या हातात दिला आणि नुसता कंगवा घेऊन भावाची दाढी विंचरायला आत गेला.