गैरहजराचा शब्द

उन्हं कलली की वाचनालयाच्या पडवीतली शहाबादी फरशी पिवळी होई, आणि त्या पिवळ्या फरशीवर अक्का खडूने पहिली रेघ ओढत. पंधरा घरं आडवी, पंधरा उभी. चौकट पुरी झाली की भाऊ कोपरीच्या खिशातून चिंचोके काढून काळ्या घरांत एकेक मांडत. कुणी बोलत नसे. पलीकडच्या सरकी काढायच्या जिनातून कापसाची पिंज उडत येई आणि कधी कधी नेमकी एखाद्या रिकाम्या घरात उतरून बसे. आजही जळगाव म्हटलं की मला आधी ती फरशी दिसते. मग गाव दिसतं.

मुंबईचं इंग्रजी दैनिक दुपारच्या गाडीने येई. त्यात रोज एक शब्दकोडं असे, तिरक्या चालीचं. शब्द ओळखायला दिलेली त्याची सूत्रं सरळ बोलत नसत. वाक्य दिसायला बागेचं, नाहीतर पाद्र्याच्या चहाचं, आणि त्याच्या पोटात लपलेला शब्द भलताच. वाचनालयाच्या अंकावर पेन्सिल टेकवायची नाही असा नियम होता, म्हणून ही फरशी.

मी तिथे कोडं सोडवायला गेलो नव्हतो. मी पत्रकं वाटायला गेलो होतो. आमच्या घरात पुस्तकं दोन आणि पत्रकं पोत्याने. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. चुकीच्या छपाईची, उरलेली, पावसात भिजलेली पत्रकं ते घरी आणत, आणि त्यांवरच मी अक्षरं शिकलो. ‘बंधूंनो, जागे व्हा’ हे वाक्य मला आईच्या हाकेइतकं ओळखीचं होतं. विशीत आल्यावर मी स्वतः लिहू लागलो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि दर आठवड्याला कुणाला तरी जागं करण्यासारखं काहीतरी सापडे.

पडवीतल्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, उलटं केलं आणि विचारलं, “मागची बाजू कोरी आहे ना? आणखी दहा दे.”

“आजोबा, वाचायचं ते पुढच्या बाजूला आहे.”

“वाचीन की. पण लिहिणार मागे.”

हे नाना. रेल्वेत तारमास्तर होते, निवृत्त झालेले. अंकातली सूत्रं ते माझ्या पत्रकांच्या पाठीवर उतरवून घेत, मोत्यासारख्या बारीक अक्षरात. मला राग आला होता. तो गिळून मी एक सूत्र वाचलं आणि म्हणालो, “ह्या माणसाला सरळ बोलायला काय होतं?”

तेव्हा भाऊ हसले. ते पिंप्राळ्याचे शेतकरी, केळी आणि कपाशी करणारे. इंग्रजी त्यांना अक्षरओळखीपुरतं. नाना अर्थ सांगत, आणि वाक्य नेमकं कुठे फसवतंय ते भाऊ सांगत. “हाई वाक्य दलालना मायक शे,” ते म्हणाले. “तोंडवर एक, रुमालखाले दुसरंच.” बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात, त्या दलालासारखं हे वाक्य, असं त्यांचं म्हणणं. “तू तोंडकडे देखू नको. बोटे देख.”

मी बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो.

त्या मंडळींचे दोन नियम होते. पहिला, नुसतं उत्तर सांगायचं नाही, वाट सांगायची. शब्द कसा निघाला, वाक्याच्या कुठल्या सांध्यात सुरी घातली, ते पटलं तरच अक्का खडू पुढे करत. एकदा मी उत्साहात उत्तर ओरडलो. ते बरोबर होतं. अक्का मुलींच्या शाळेत शिकवत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “उत्तर कुणालाही सापडतं. वाट सांग.” मला सांगता आली नाही. ते घर संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. “भाषण नही शे हाई,” भाऊ म्हणाले, “की टाळी पडनी म्हणजे खरं.”

दुसरा नियम असा की, आला नसेल त्याच्यासाठी शेवटचा शब्द रिकामा ठेवायचा. सगळ्यांना तो येत असला तरी. दुसऱ्या दिवशी गैरहजर माणूस आला की आधी तो शब्द लिही, मगच फरशी पुसली जाई. अक्कांची शाळातपासणी असली, भाऊंची केळी वॅगनमध्ये चढायची असली, की एक शब्द रात्रभर त्यांची वाट पाहत फरशीवर पडून राही. सकाळी झाडणाऱ्या मावशीही तेवढा तुकडा सोडून झाडत.

दोन तास कसे जात ते कळत नसे. कडुलिंबाची सावली चौकटीवरून सरकत जाई. नानांचा आवाज हळू, एकसुरी. मधल्या शांततेत मला वाटे, आपण चौघे तळ्याकाठी गळ टाकून बसलोय.

पण मी पत्रकांवर वाढलेला. वाचनालयात शेतकरी येत, चपला काढून दारात उभे राहत, आणि टेबलावरचं ते इंग्रजी दैनिक पाहून परत जात. मराठी दैनिक एकच, त्याला दहा हात. हे मला दिसत होतं, आणि दिसल्यावर गप्प बसणं मला शिकवलेलं नव्हतं. मी पत्रक लिहिलं: ‘हे वाचनालय कुणाचं?’ इंग्रजी दैनिक बंद करा, त्या जागी दोन मराठी घ्या, ही मागणी. खाली नाव नाही, फक्त ‘एक वाचक’. सह्यांचा कागद वाचनालयाच्या टेबलावर ठेवला. आपलं कोडं जाणार हे मला ठाऊक होतं. उलट त्याचाच अभिमान वाटत होता. स्वतःच्या आवडीवर पाणी सोडतो तो खरा. मी फक्त माझ्या आवडीचा हिशेब केला होता.

समितीने मागणी मान्य केली. पहिल्या तारखेपासून इंग्रजी दैनिक आलं नाही.

त्या दुपारी आम्ही चौघेही सवयीने पडवीत आलो. अक्कांच्या हातात खडू होता. भाऊंच्या खिशात चिंचोके वाजले. आत मराठी दैनिकांभोवती खरंच गर्दी होती, एक म्हातारबा मोठ्याने वाचून दाखवत होता, आणि ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तेवढ्यात नानांच्या बोटांकडे लक्ष गेलं. ती बाकाच्या कडेवर वाजत होती. कट्ट, कडकट्ट, कट्ट. थांबत नव्हती.

“सुरू झालं का?” अक्कांनी हलकेच विचारलं.

“हो.”

मला समजेना. तेव्हा अक्कांनी सांगितलं. नोकरी सुटली तेव्हापासून नानांच्या डोक्यात तारेचं यंत्र चालू राहिलंय. उठताना, जेवताना, झोपेत. अर्थ काही नाही, नुसती टकटक. ती थांबते फक्त कोडं चालू असताना, चार ते सहा. ह्या दोन तासांसाठी ते एकटे इथे राहत होते. नाहीतर धुळ्याची मुलगी कधीची बोलावतेय.

“जाईन म्हणतो आता धुळ्याला,” नाना म्हणाले. “पुढच्या सोमवारी.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पडवीत एकटं गाठलं. “नाना, ते पत्रक मी लिहिलं होतं.”

नाना बाकावरून हलले नाहीत. “हे उत्तर झालं,” ते म्हणाले. “वाट सांग.”

मग मी सांगितली. दारात उभे राहणारे शेतकरी, दहा हातांतलं एक दैनिक, माझा अभिमान, आणि त्यांचा विचार एकदाही न करणं, सगळं. ते ऐकत राहिले, बोटं वाजत राहिली.

“वाट बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. “एक पायरी चुकलास, ती तूच सांगितलीस. अरे, मागच्या बाजूला सूत्रं लिहितो म्हणजे पुढची बाजू मी वाचत नाही असं वाटलं तुला? तुझी चाल ओळखतो मी. सह्यांचा कागद बघितलास का नीट?”

नव्हता बघितला. घडी घालून तसाच समितीला दिला होता.

“तिसरी सही माझी आहे. पटलं म्हणून केली.”

“मग मला थांबवलं का नाही?”

“बरोबर लिहिलेल्या माणसाला थांबवायचं कशाला?”

ते पत्रक आजही मला चूक वाटत नाही. पण त्या रात्री मी जन्मात पहिल्यांदा सरळ न बोलणारी वाक्यं लिहायला बसलो. पहाटेपर्यंत वीस सूत्रं झाली, मराठी, ओबडधोबड. दुपारी चारला अक्कांनी माझी चौकट फरशीवर काढली. जेमतेम सात घरं आडवी, सात उभी. नानांनी पहिलं सूत्र वाचलं: ‘वरणगावला पंगतीत बसलात तर पानात आधी काय पडेल? तीन घरं.’

“वरण,” भाऊ लगेच म्हणाले. “गावना नावमाच शे. पोरगं कच्चं शे अजून. रुमाल पातळ पडना.”

नाना हसले. त्यांची बोटं बाकावर होती. वाजत नव्हती.

मला वाटलं, आता राहतील. सोमवारी ते गेले. मुलीला शब्द दिला होता, म्हणाले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला, मी त्यात घडी केलेलं एक नवं कोडं ठेवलं. वाट एका वाक्यात सांगितली: “रोज एक पाठवीन.”

रोज जमलं नाही, आठवड्याला तीन पाठवली. धुळ्याहून कार्डं येऊ लागली, मोत्यासारख्या अक्षरात भरलेली. पहिल्याच कार्डावर खाली एक ओळ होती: ‘चार ते सहा शांत.’ आणि चौकटीत तीन घरं रिकामी. त्या घरांसाठी मी दिलेलं सूत्र होतं, ‘पुढून वाचा, मागून वाचा, पाणी सोडत नाही.’ इतकं सोपं त्यांना आलं नाही हे शक्यच नव्हतं.

“आपण नव्हतो ना तिथे,” अक्का म्हणाल्या. “आपल्यासाठी ठेवलाय.”

आम्ही चौकट फरशीवर काढली, चिंचोके मांडले. अक्कांनी खडू माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. पडवीत गैरहजर कोण होतं ते दिसतच होतं. कार्डाची नक्कल करून, ती तीन घरं कोरी ठेवून मी नानांना परत पाठवली. आठवड्याने ती पुन्हा आली, पुन्हा कोरी.

“पोस्टाले दुसरं काम नही शे का?” भाऊ म्हणाले, आणि चिंचोके खिशात परत न टाकता तसेच राहू दिले.

ते कार्ड मग किती वेळा जळगावहून धुळ्याला गेलं आणि परत आलं, मी मोजलं नाही. मावशी तेवढा तुकडा सोडून झाडत राहिल्या. शब्द ‘जहाज’ होता. आम्हा चौघांनाही तो येत होता.