लिओनेलने झोतावर उडवलेलं विमान

लिओनेल शारोंने ओटावाच्या शाळेत आयुष्यभर सुतारकाम शिकवलं, पण त्याचा जीव रमायचा तो हलक्या लाकडाच्या विमानांत. रेडिओवर चालणारी विमानं तो स्वतः बनवायचा आणि इंजिन बंद करून तासन्‌तास हवेत ठेवायचा. ससाणा पंख न हलवता घिरट्या घालतो तिथे गरम हवा वर चढत असते; विमान तिथे न्यायचं, एवढंच.

संशोधन केंद्रातल्या मार्गो फिंचने म्हणूनच त्याला बोलावलं. जमिनीवरच्या मोठ्या तबकडीतून मायक्रोवेव्हचा झोत सरळ वर सोडायचा, विमानाच्या पोटाखालच्या जाळीने तो झेलायचा आणि त्याच विजेवर पंखा फिरवायचा, असा तिचा बेत. त्या दुपारी मंजुरी देणारे तिघे पाहायला आले होते. विमान झोतावर तरलं नाही तर काम बंद पडणार, हे लिओनेललाही ठाऊक होतं.

विमान बॅटरीवर वर गेलं. मार्गोने खूण केल्यावर त्याने बॅटरी बंद केली. विमान जरा खचलं, सावरलं आणि चक्क चढू लागलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या उंचीवर पंखा फिरतोय की नाही, ते कुणालाच दिसत नव्हतं.

लिओनेलला दिसला तो विमानाशेजारचा ससाणा. विमान तबकडीवरून, झोताबाहेर, केव्हाच सरकलं होतं. त्याच्या बोटांनी त्याला न विचारता जुनी खोड पुरी केली होती.

गप्प बसला असता तर निभावलं असतं. विमान उतरवून तो मार्गोजवळ गेला.

"पोरी, ते तुझ्या झोताने नाही चढलं. मी गरम हवेत नेलं. सवयीने."

"लिओनेल, त्यांनी आत्ताच माझं अभिनंदन केलं हो."

"म्हणून तर आत्ता सांगतोय. ऊन उतरलं की हवा निपचित होते. तेव्हा परत उडवू."

"आणि पडलं तर?"

"तर पडलेलं बघतील."

पाहुण्यांना तिने स्वतःच सांगितलं. दोघे तोंड वाकडं करून निघून गेले. तिसरी, एक बाई, कोटाची कॉलर वर करून थांबली.

संध्याकाळी लिओनेलने विमान तबकडीच्या बरोबर वर, अगदी लहान फेऱ्यांत धरलं आणि बॅटरी बंद केली. ते खाली आलं, आणखी खाली आलं. मार्गोने डोळे मिटून घेतले. झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर, जिथे झोत दाट होता, तिथे मात्र ते थबकलं. चढेना, पण उतरेनाही. पंख्याची घरघर आता स्वच्छ ऐकू येत होती.

किती वेळ राहील, असं बाईने विचारलं.

"माझी मान अवघडेपर्यंत," लिओनेल म्हणाला.

ती हसली नाही. वर बघत राहिली.