एकदाच दिसलेली रेघ

सिद्रामचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. "म्याडम, आमची ताई गेली ओ..." एवढंच बोलला. प्रमिला दवाखान्यात आहे हे माहीत होतं, तरी मला आधी आला तो रागच. काम अर्धवट टाकून गेलीस?

मोडनिंबकडच्या मेंढपाळ घरातली प्रमिला आणि मी, आम्ही एकाच प्रयोगशाळेत अख्खी नोकरी काढली. हवेतला नायट्रोजन जोडीजोडीनं असतो. प्रमिलाला त्याचे सहा अणू एका ओळीत हवे होते. अशी साखळी जरा ऊब लागली की तुटते, परत जोड्या होतात, आणि माल जास्त असला तर स्फोट होऊन हात उडतो. म्हणून सगळं चिमूटभर आणि भयंकर थंडीत करायचं. त्यासाठी द्रव नायट्रोजन लागे. सोलापूरच्या उन्हात तो आणायचा कुठून? तिचा भाऊ सिद्राम गायींच्या कृत्रिम रेतनाचं काम करायचा. वीर्याच्या नळ्या ज्यात गोठवून ठेवतात, त्या कॅनमधला उरलासुरला नायट्रोजन तोच मोटारसायकलवर घेऊन यायचा. "निम्मा वाटंतच उडून जातोय की, ताई," म्हणायचा. "मग चहाला थांबतोस कशाला?" ती विचारायची.

साखळी तयार झाली, की यंत्राच्या आलेखावर तिची एक रेघ उमटायला हवी. एका हिवाळ्यात ती रेघ दिसली. जिथं दिसायला हवी, तिथंच... मीही पाहिली. काचेवर गोठवलेला थर जरा तापला आणि रेघ गेली. मी म्हटलं, "प्रमिला, लिहून छापायला पाठव." ती म्हणाली, "परत दिसू दे की." परत दिसलीच नाही. कधी वीज जायची, कधी यंत्र बिघडायचं, कधी नायट्रोजन पुरायचा नाही. मी चिडले, हात जोडले, अबोला धरला. तिचं एकच, "परत दाखवता येत न्हाय, मग माझ्याकडं काय हाय?" पुढं परदेशात कुणीतरी ती साखळी पकडली आणि छापली. प्रमिलानं तो लेख नीट वाचला. "चांगलं केलंय त्यांनी," म्हणाली. रडले मी.

परवा विभागानं तिच्या नावाचा फलक करायला घेतला. मजकूर माझ्याकडे आला: 'सहा नायट्रोजनची साखळी सर्वप्रथम मिळवणाऱ्या.' इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. सिद्राम शेजारी उभा होता, वाचून त्याचे डोळे भरले. मी तांबडं पेन घेतलं आणि ती ओळ खोडली.

"का ओ, म्याडम?"

"परत दिसली नव्हती," मी म्हणाले... आणि तिचा इतका राग आला, की पेन तिथंच टाकून मी बाहेर आले.