उलटी दुर्बीण

आप्पांच्या दुर्बिणीच्या चामडी पिशवीला अजून कापराचा वास येतो. तो आला की मी मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभी असते. ऐंशीच्या दशकातली थंडी, मी आठवीत. माझे वडील, आप्पा, शाळेत मास्तर. सकाळी ते मला कुरव पक्षी दाखवायला न्यायचे, पण दुर्बिणीला हात लावू द्यायचे नाहीत.

त्या दिवशी एका खारव्याची बायको धावत आली. "मास्तर, आमची होडी दिसते का बघा हो. कालपास्नं आली नाय."

आप्पांनी दुर्बीण थेट तिच्याच हातात दिली. तिने ती उलटी धरली. "अगो बाय, सगळंच लांब गेलं!" ती रडकुंडीला आली. आप्पांनी दुर्बीण हलकेच फिरवून दिली. ती बराच वेळ बघत राहिली.

"लाल बावटा आमचाच! आन् कुरव मागं लागलेत, म्हंजे मासळी पण हाय."

तिला दिली नि मला नाही, म्हणून मी घरी येईपर्यंत फुगून बसले होते.

पिशवीत आप्पांची वहीही आहे. रोज कुठे किती कुरव दिसले, सगळं सुवाच्य अक्षरात. त्या दिवसाच्या पानावर एवढंच: "आज पक्षी मोजायचे राहिले. होडी आली."