तांबड्या गाडीचा ब्रेक

मुधोळकडच्या त्या गावात बैलगाडीचं चाक कुरकुरलं की लोक धोंडीबाला हाक मारायचे. धोंडीबा मान वाकडी करून आधी ऐके. "तेल मागून राह्यलं बाप्पा," म्हणे, आणि कमरेची एरंडेलाची कुपी काढी. "चाकाचं रडणं बरोबर ऐकू येते यायले," त्याची बायको द्वारकाबाई म्हणायची, "मानसाचं नाई येत."

एक्क्याण्णवच्या आषाढात बापलेक भैंशाला, मिस्त्रीकडं निघाले. धोंडीबा बैल हाकत होता. मागं गाडीत तांबडी मोटरसायकल आडवी घातली होती आणि चंपत ती धरून बसला होता. हौसेनं घेतलेली, वाऱ्यासारखी पळणारी गाडी. गेल्या पोळ्यानंतर बायकोला, भागीरथाला, मागं बसवून तो नेरडीगोंड्याला तिच्या माहेरी निघाला. घाटाच्या उतारावर गाडी थांबली नाही. चंपत वाचला, भागीरथा गेली. तेव्हापासून गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. आता चंपत मास्तरची बदली अशा गावी झाली, जिथं मोटार जात नव्हती, म्हणून ती बाहेर काढावी लागली.

वर्षभर धोंडीबा पोराशी धड बोलला नव्हता. बोलला तर एवढंच, "उडवत गेला. उडवली तिले."

भैंशातला नागोराव मिस्त्री किंमत हिंदीत सांगायचा, शिवी तेलुगूत द्यायचा आणि बाकीचं मराठीत. त्यानं फळकुटावर ब्रेकच्या लायनरच्या, म्हणजे चाकाला आतून धरणाऱ्या पट्ट्यांच्या, जोड्या मांडल्या. "पाहा मामा. हा सस्ता, ब्रेक मारला का डुकरावानी वरडते. हा जुन्यावर नवा पट्टा ठोकेल हाय, चार महिने इमानदार, मंग बेइमान. अन् ये कंपनी का माल, आंख बंद करके ले जाव."

धोंडीबानं एकेक जोडी उचलली, नखानं खरवडली, नाकाशी नेली. "सस्ताच दे," तो म्हणाला. "हातालेच ब्रेक नाई त्याच्या. लोखंड काय करंन?"

नागोरावनं चंपतकडं पाहिलं. चंपत आपल्या चपलेचा अंगठा नीट करत होता.

"अगुदर जुना तं पाहू," म्हणत नागोरावनं मागचं चाक सोडलं, ड्रम उघडला, आणि आतला लायनर बोटावर घेऊन उजेडात धरला. तो ओशट, काळपट होता, आणि कडेनं पिवळा. मग पुढचं चाक. तेही तसंच.

"हे पिवळं काय बे? हळद? तेल ओतलं ब्रेकमंदी. तेलानं ब्रेक धरते का कुठं? कोन्या शहान्यानं ओतलं?"

"म्याच," चंपत लगेच म्हणाला.

धोंडीबानं लायनर हातात घेतला. वास ओळखायला नाकाशी न्यावा लागला नाही.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवसाची, खांदशेकणीची संध्याकाळ. त्यानं बैलांच्या खांद्यांना तेल-हळद चोळली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हटलं, आणि वाटीत उरलं होतं म्हणून तांबड्या गाडीकडं वळला. ही तरी काऊन उपाशी? दोन्ही चाकांच्या आसापाशी, ब्रेकच्या दांड्यापाशी, आत जिरेस्तोवर त्यानं तेल सोडलं. तिलाही आवतन दिलं. भागीरथा दारात पोट धरून हसली होती. "मामंजी, तिले शिंगं कुठं रंगवता?"

चंपत त्या संध्याकाळी घरी नव्हता. अंधार पडल्यावर आला होता.

तरी आता "म्याच" म्हणाला. म्हणजे तेल कोणाचं ते त्याला ठाऊक होतं. वर्षभर.

धोंडीबानं लायनर फळकुटावर ठेवला. "मिस्त्री, कंपनीचाच टाक," तो म्हणाला. "दोन्ही चाकांले. तारबी नवी टाक."

"सस्ता म्हनत व्हते ना मामा?"

"नवी टाक म्हनलं ना."

नागोरावनं ड्रम रॉकेलनं धुतले, लायनर बसवले, तार ओढून घेतली. चाक फिरवलं तेव्हा ते बारीक कुरकुरलं. धोंडीबाचा हात कमरेच्या कुपीकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"नवं हाय, घासल जरासं," नागोराव म्हणाला. "मागं वजन घेऊन पाहा, मास्तर. रिकामी गाडी कोनीबी थांबवते."

चंपतनं मागच्या सीटकडं पाहिलं. तिथं भागीरथानंतर कोणी बसलं नव्हतं. धोंडीबानं धोतराच्या सोग्यानं सीटवरची धूळ पुसली आणि तो बसला.

"धरून बस, बा."

कापसाच्या जिनिंगच्या फाटकापर्यंत गाडी गेली. चंपतनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, आणि म्हाताऱ्याचं कपाळ पोराच्या पाठीवर आदळलं. त्यानं ते उचललं नाही.

"लागलं का?"

"नाई." मग पाठीशी आवाज आला, "पोरा, वाटी माही व्हती रे."

"म्हाईत हाय, बा."

चंपतनं इंजिन बंद केलं नाही, आणि गाडी पुढंही नेली नाही.