पालकांची सही

इंदरगंजच्या मागच्या गल्लीत लीलाताई बिवलकरांचा इंग्रजीचा क्लास चालतो. फळा नाही, बाकं नाहीत. दुपारी तीन वाजता सात-आठ बायका-मुली त्यांच्या बैठकीत सतरंजीवर बसतात. ताईंनी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. आता अडुसष्टाव्या वर्षीही आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल असाच आहे. मी समोरच राहते. मागचं आवरलं की जाऊन बसते, शिकायला कमी आणि ऐकायला जास्त.

त्यांचा सगळा भर जोडीच्या क्रियापदांवर. "गिव्ह म्हणजे देणं. त्याला अप जोडलं की सोडून देणं. लुक म्हणजे बघणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. बाईसारखंच आहे गं, लग्न झालं की बाई तीच, अर्थ निराळा." सगळ्या हसायच्या. मीही.

रोज पाच क्रियापदं आणि प्रत्येकाचं एक वाक्य. वाक्य आपल्या घरातलं हवं आणि खरं हवं. "राम आंबा खातो, हे मला नको. आज तुझ्या घरात काय झालं ते लिही." मग वह्यांमधून घरं दिसायची. द मिल्क बॉइल्ड ओव्हर, म्हणजे दूध उतू गेलं. वुई रॅन आउट ऑफ गॅस, म्हणजे सिलिंडर संपला. एकीने लिहिलं, सासूबाई टर्न्ड ऑफ माय सिरियल. तिला त्या दिवशी टाळ्या मिळाल्या.

आणखी एक नियम शाळेतून सोबत आलेला. महिन्याअखेर वही घरी दाखवून पालकांची सही आणायची. चाळिशीच्या बायकाही नवऱ्याची नाहीतर सासूची सही घेऊन यायच्या. एकीने तर नववीतल्या मुलाची आणली. "घरच्यांना कळायला नको, बाई शिकतेय म्हणून?" ताईंचं ठरलेलं उत्तर.

गरिमा जुलैत आली. झाशीची मराठी मुलगी, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावातल्याच किला गेट भागात आलेली. नवरा समरजीत, सासू उषाताई. घर ताईंच्या ओळखीचं, गणपतीत मंडळात पुढे असणारं. ताईंचा क्लास म्हणूनच तिला घराबाहेर पडायला परवानगी मिळाली होती. सिटी सेंटरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला लागायचं, असं तिने ठरवलं होतं. जिना उतरताना एकदा मला म्हणाली, "काकू, नोकरी लगी ना, की मी खोली घेणार. अकेली." आणि लगेच मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.

तिची वाक्यं लहान असायची, आणि बिनचूक. पहिले दोन महिने दूध-भाजीची, त्यांवर सासूच्या सह्याही आल्या; सप्टेंबरात नवी वही सुरू झाली. माय हजबंड टुक अवे माय फोन: नवऱ्याने माझा फोन काढून घेतला. दे लॉक्ड मी इन: मला कोंडून ठेवलं. आय पुट अप विथ इट: मी सहन करते. आय विल गेट अवे इन डिसेंबर: डिसेंबरात मी इथून निसटेन. प्रत्येकावर ताईंची लाल खूण, शेवटच्यापुढे 'व्हेरी गुड'. ती वही मीही चाळली होती. मला अक्षर सुंदर वाटलं.

सप्टेंबरच्या शेवटी बाकीच्या गेल्यावर ती थांबली. "ताई, इस बार सही रहने दो ना."

"का गं?"

"घरी आवडणार नाही."

"सगळी वाक्यं बरोबर आहेत आणि आवडणार नाही? नियम म्हणजे नियम."

"ताई, प्लीज."

ताईंना वाटलं, पोरगी लाजतेय. त्यांनी तिच्यासमोरच उषाताईंना फोन लावला. "वही पाठवतेय हं. बघा तरी, सून कशी पुढे गेलीय." वही लपवायची सोयच उरली नाही. गरिमाने ती पिशवीत घातली. चपला घालताना तिला पट्टा सापडेना.

मग ती आलीच नाही. पाचव्या दिवशी समरजीत आला. बूट बाहेर काढून ठेवले, वाकून नमस्कार केला. "लीलाकाकू, फार छान शिकवता तुम्ही. आता मात्र तिला वेळ नाही होणार." वही सतरंजीवर ठेवून गेला. एका पानावर सही पुरली असती. त्याने प्रत्येक पानावर केली होती, खाली तारीख घालून.

ताईंनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली, मराठी करत, मोठ्याने. चौथ्या पानावर थांबल्या. "अगं, हे सगळं मी तपासलं," म्हणाल्या. "वाचलं नाही."

महिलांच्या हेल्पलाइनला फोन मीच लावला. तिथल्या दोघीजणी घरी चौकशीला गेल्या. उषाताई शेजारी बसून होत्या आणि गरिमाने सांगितलं, "वो तो सब प्रैक्टिस थी." झाशीला फोन केला, तर तिचे वडील म्हणाले, "ताई, तुम्ही मध्ये पडू नका."

तेव्हापासून दर सोमवारी क्लास सुटला की चार वाजता ताई किला गेटला जातात. कधी बेसनाचे लाडू, कधी चकलीचा डबा. मी सोबत असते. एवढ्या वयाच्या बाईला दारातून परत कसं पाठवणार? गरिमा पाणी आणते. ताई पेला घेताना तिचा चेहरा बघतात, मनगटं बघतात, चार शब्द बोलतात, निघतात. एकदा समरजीत हसत म्हणाला, "काकू, आमचं घर फारच आवडलेलं दिसतंय."

"चहा चांगला मिळतो रे," ताई म्हणाल्या.

या सोमवारी पाणी उषाताईंनी आणलं. "झोपलीय ती. ताप आहे."

"उठू दे. मी बसते."

"उशीर होईल तुम्हाला."

"घरी कोण वाट बघतंय माझी?"

अर्धा तास गेला. चहा आला नाही. मग आतल्या खोलीत भांडं पडलं. तेव्हा माझं लक्ष त्या दाराकडे गेलं. कडी बाहेरून लावलेली होती. ताईंनीही पाहिली. उषाताई काही बोलायच्या आत त्या उठल्या, गुडघ्यावर हात दाबत तिथवर गेल्या आणि कडी काढली.

गरिमा भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेला.

"चल," ताई म्हणाल्या.

गरिमा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सासूकडे बघत राहिली. उठली नाही.

ताईंनी पुन्हा हाक मारली नाही. पदर सावरला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. मी अंगणात येऊन पुन्हा हेल्पलाइनचा तोच नंबर लावला.