आकिहिकोसानची ओटी

आमच्या घरी आजवर एकाच जपानी पाहुण्याची ओटी भरली गेली, आणि तो पाहुणा पुरुष होता.

मी हे आपणहून कुणाला सांगत नाही. पण माजलगावात बाकीच्या सगळ्यांनी सांगून झालंय, तेव्हा म्हटलं आपलीही बाजू मांडावी. (बाजू अशी नाहीच. तरी मांडावी.)

देशात परदेशी कंपन्या घुसायला लागल्या तेव्हाची गोष्ट. त्यातली एक जपानी पंपवाली चक्क आमच्या तालुक्यापर्यंत आली. धरणाचं पाणी आणि नजर पोचेल तिथवर ऊस, त्यामुळे पंपाला आमच्याकडे मरण नव्हतं. मोंढ्यात आमच्या अण्णांचं पाईप-मोटारींचं दुकान. कंपनीला तालुक्यात एकच एजंट नेमायचा होता. अण्णांनी परळीच्या वैजनाथाला अभिषेक बोलला. समोरच्या दुकानदारानंही बोलला! देव एक, एजन्सी एक, आणि भक्त दोन. अण्णांचं जेवणातलं ध्यान उडालं.

पण अण्णांकडे एक हुकमी एक्का होता. तो एक्का म्हणजे मी. पुण्यात शिकायला होतो तेव्हा मी जपानीचा क्लास लावला होता. (परीक्षेची तारीख लागली आणि मी क्लास सोडला, हे घरी सांगायचं राहून गेलं.) अण्णा मोंढ्यात ज्याला त्याला सांगत सुटले, "पोराला जपानी येती! घडाघडा!"

एक दिवस कंपनीच्या मुंबई ऑफिसातून फोन आला. "परवा आकिहिकोसान येतायत. आधी तुमच्या घरी, मग दुकानावर. समोरच्यांकडेही जातील." आणि फोन बंद.

"कोण येयलंय?" अण्णांनी विचारलं.

"आकिहिकोसान."

"ते कळलं. गडी का बाई?"

प्रश्न सरळ होता. जपानीत 'सान' साहेबालाही लावतात आणि बाईसाहेबालाही, त्यावरून काही कळत नाही. "थांबा, परत फोन लावून विचारतो," एवढं म्हणालो असतो तर आज ताठ मानेनं मोंढ्यातून फिरलो असतो! पण घडाघडा जपानी येणारा माणूस असलं विचारेल कसा? मला क्लासमधली नावं आठवली. हानाको, योशिको. शेवटी 'को' आला की बाई, असं मास्तर म्हणाले होते.

"बाई!" मी म्हणालो. (शेवटी 'हिको' असलेले बाप्ये असतात, हा धडा मी गेल्यावर झाला असणार.)

झालं! घराची सूत्रं आत्याच्या हातात गेली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. सासरी पटलं नाही म्हणून माहेरी आली, आणि तेव्हापासून आमचं घर तिच्या आवाजावर चालायचं. आमच्याकडे सत्काराचं गणित पक्कं असतं. गडी आला तर फेटा, शाल, टॉवेल-टोपी. बाई आली तर साडी-चोळी आणि ओटी. अण्णांनी आधीच आणून ठेवलेला फेटा आत्यानं फडताळात कोंबला. हिरवी साडी आली, नारळ आला, कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन येऊन बसली. आत्याच्या खाटेला लागून पाहुणीची खाट पडली.

"परक्या मुलखात बाईमाणसानं एकटं निजू नाही," आत्या म्हणाली. "मी हाय तिच्याजवळ."

मग तिनं शेवटचा हुकूम सोडला. "दारात एक बी गडी नको. एवढ्या लांबून एकटी येयली, बुजंल बिचारी. तुमी समदे मागं गोदामात बसा."

"अगं आक्का, एजन्सी माझी हाय!"

"मग ती काय पळून चालली का? ओटी भरली की बोलवते."

अण्णा, काका आणि दुकानातले गडी पाईपांच्या ढिगावर जाऊन बसले. मला तेवढी दारात थांबायची परवानगी मिळाली, कारण स्वागताचं भाषण माझं होतं.

त्या भाषणासाठी मी जी मेहनत घेतली ती परीक्षेसाठी घेतली असती तर पास झालो असतो. क्लासच्या जुन्या पुस्तकात बाईला दोन जपानी शब्द सापडले. एक 'ओन्ना', म्हणजे आपलं रोखठोक 'बाई'. दुसरा 'जोसेई', हा जरा मानाचा. कंपनीच्या पाहुणीला 'ओ बाई' म्हणणं बरं दिसतं का? मी 'जोसेई' पक्का केला आणि त्याच्यापुढे 'सुंदर' लावलं. पुरुषांचे शब्द पलीकडच्याच पानावर होते. मी त्या पानाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

जीप आली. दारात बायकांची रांग. आई ओटी घेऊन पुढे, मागं काकू, वहिनी, शेजारपाजार. जीपमधून एक सहा फुटी माणूस उतरला. जाड मिशा, हातात बॅग. मी मान लांब करून त्याच्यामागं बघितलं. बाई कुठंय? जीपमध्ये ड्रायव्हरशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"आकिहिको," तो छातीवर हात ठेवून म्हणाला आणि वाकला.

म्हणजे पाहुणा हाच. पण पाठ केलेलं भाषण थांबतं का? तोंडातून धाडकन बाहेर पडलं, "उत्सुकुशी जोसेई, योकोसो!" म्हणजे, हे सुंदर महिले, तुझं स्वागत असो!

आता त्यानंही वळून जीपमध्ये बघितलं.

शब्द निवडण्यात माझी काडीचीही चूक नव्हती. फक्त माणूस चुकला होता.

"अगं बया!" काकू किंचाळली. "हिला तर मिशा हायत!"

"आत्या," मी हळूच म्हणालो, "बाप्या हाय."

"ते मला दिसायलंय! तू कावून बाई म्हणला बे?"

कासारीण मागून विचारत होती, "माप घेऊ का न्हाई?"

आई ओटी घेऊन मागं सरकली, तशी आत्या कडाडली, "भरली ओटी माघारी न्यायची न्हाई! त्याला बायको असंल की, तिच्या नावानं दे. इचार रे त्याला!"

जपानीत 'बायको' काय म्हणतात ते मला येत नव्हतं. माझ्याकडे दोनच शब्द, त्यातला मानाचा वाया गेलेला. राहिला रोखठोक. मी आईच्या हातातल्या साडीकडे बोट केलं आणि विचारलं, "ओन्ना, इमासु का?" बाई आहे का?

आता बघा. माझं बोट साडीकडे होतं, पण साडीमागं नटून-थटून उभ्या बायकांची रांग होती! आणि उघड्या दारातून जोडीनं मांडलेल्या दोन खाटा दिसत होत्या!

आकिहिकोसान कानापर्यंत लाल झाला. "इइए! इइए!" नाही, नाही, असं करत तो उलट्या पावलांनी जीपकडे निघाला. माझ्या डोळ्यांदेखत अण्णांची एजन्सी समोरच्या दुकानाकडे चालली होती, आणि मला शरमेनं हालता येईना. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी एका पायावर गेलो असतो.

"थांबा!" आत्या गरजली.

तो जागच्या जागी थांबला. (त्या आवाजाला थांबायला भाषा लागत नाही.) आत्या पुढं झाली. तिनं डोक्यामागं मुठीनं अंबाडा दाखवला, गळ्यातलं मंगळसूत्र दाखवलं, हातांचा पाळणा करून हलवला, आणि त्याच्याकडे बोट केलं. त्याचा चेहरा उजळला. त्यानं पाकिटातून बायकोचा फोटो काढला!

मग काय विचारता! फोटोला कुंकू लागलं, "लई गोड हाय गं" झालं, ओटी त्याच्या हातात गेली, आणि कासारणीनं फोटो बघून अंदाजानं बांगड्या दिल्या. आत्यानं त्याला समोर बसवून धपाटे खाऊ घातले, पाणी देणारीला झापलं, मला तर दोनदा झापलं. घरात हुकूम कुणाचा चालतो ते तो बघत होता. गोदामातल्या मंडळींची आठवण कुणालाच राहिली नाही. शेवटी अण्णाच धुळीनं माखून बाहेर आले. आकिहिकोसाननं त्यांना हमाल समजून आपली बॅग दिली, आणि आपलं कार्ड दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, आत्याला दिलं.

एजन्सी आम्हालाच मिळाली. महिन्याभरात कागद आले, आत्याच्या नावानं! अण्णांनी अभिषेक केला, पण तोंड वाकडं करून.

दुकानाच्या नव्या पाटीसाठी पेंटर आला. ब्रश बुडवून त्यानं मला विचारलं, "आत्याबाईंच्या नावापुढं 'मालक' लिहू का 'मालकीण'? तुमी भाषेतले जाणकार."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी आत्याकडे बघितलं.

"इचार त्याला," आत्या गल्ल्यावरून म्हणाली, "अन् त्यो सांगंल त्याच्या उलटं लिही."

मी 'मालकीण' म्हणालो. पाटीवर आजही 'मालक' आहे.